दोऱ्यातली चार बोटं

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेतल्या फोर्ट सम्टर नावाच्या किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि तिथल्या यादवी युद्धाला तोंड फुटले. ही तारीख निर्विवाद आहे. त्या तोफांमुळे विलायतेतल्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला, आणि अमरावतीच्या परकोटाबाहेर, कँपात, गोऱ्या खरेदीदारांची वस्ती वाढली. अंबा दरवाजाच्या आतल्या अंगाला राहणाऱ्या मनकर्णा शिंपिणीने त्या युद्धाचे नाव उभ्या जन्मात ऐकले असेल, असे मानायला काही आधार नाही. तरीही त्या तोफांचा आवाज फिरत फिरत तिच्या ओसरीपर्यंत आला तो एका मडमेच्या झग्याच्या रूपाने.

मनकर्णा तेव्हा तिशीच्या आसपास होती. नवरा जानराव पूर्वी बंड्या आणि अंगरखे शिवत असे. तेजी आल्यापासून मात्र त्याचा दिवस कापूस भरायची पोती शिवण्यातच जाई. चोळ्या हे घरातल्या बाईचे काम. सासू गोदाबाईने ते तीस वर्षे केले, आणि डोळे अधू झाल्यावर सुनेच्या हाती दिले. काम दिले तशी रीतही दिली. प्रत्येक बाईसाठी हळदीत बुडवलेला एक वेगळा दोरा. गळ्यापाशी पहिली गाठ, मग खांदा, मग दंड, अशा गाठी मारत मारत बाईचे सगळे माप त्या दोऱ्यात उतरायचे. चोळी तयार झाली की चोळीबरोबर दोराही परत करायचा, कारण बाईच्या अंगाचे माप परक्या घरात राहू द्यायचे नसते. आणि दोरा लावताना हाताला जे कळले ते तोंडातून बाहेर काढायचे नसते. कोणाला दिवस गेले आहेत, कोणाच्या पाठीवर वळ उठले आहेत, कोणती सून दोन महिन्यांत दोन बोटे वाळली, हे मनकर्णेला अख्ख्या आळीच्या आधी कळे आणि तिच्यापाशीच राही. म्हणून तर तिला कोणाच्याही माजघरापर्यंत मोकळी वाट होती.

१८६४ च्या मार्गशीर्षात जानरावाला कँपातून बोलावणे आले. ज्या विलायती पेढीसाठी तो पोती शिवत होता, तिचे इथले काम हार्डविक नावाचा साहेब पाही. त्याच्या मडमेला नाताळच्या मेजवानीसाठी झगा हवा होता. जानराव गेला आणि दुपारीच परत आला. बगलेत रेशमी कापडाचा तागा, वर मडमेचा एक जुना झगा, आणि चेहरा पडलेला.

"काय झालं गा?" गोदाबाईने विचारले.

"काय होते! जुना झगा देल्ला अन् म्हने असाच शिव, पन कंबरेत मोठा कर. किती मोठा, थे सांगत नाई. माप म्हनलं तं पडद्याच्या आत पयाली. मले बी का बाईच्या आंगाले दोरा लावता येते? थ्या आयानं सांगतलं, घरवालीले आन."

"मनकर्णा कुठीच जात नाई," गोदाबाई म्हणाली. "गोऱ्यायच्या आंगाले हात लावून येईन अन् माया चुलीपाशी बसन?"

"आंघोळ करून बसीन, आत्याबाई," मनकर्णा म्हणाली. "बाईच्या मापाले बाई नाई जाईन तं कोन जाईन?"

ही गोदाबाईचीच शिकवण होती.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून निघाली. काष्टा नीट खोचलेला, खणाची चोळी, तिची पुढची गाठ घट्ट, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. रस्त्यात दोन ओळखीचे म्हातारे दिसले तेव्हा तिने पदर आणखी दोन बोटे पुढे घेतला. आपण अदबीने चाललो आहोत याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

बंगल्याच्या पडवीत मडमेने तिला पाहिले मात्र, आणि नजर वळवली. मग आयाला काही बोलली. आया जमुना कामठीच्या छावणीतून मडमेबरोबर आलेली. साहेबांची भाषा तिला कामापुरती येई, आणि मराठीत अर्धे हिंदुस्थानी मिसळून ती वेळ भागवी. ती आतून एक पांढरी शुभ्र चादर घेऊन आली आणि काही न बोलता मनकर्णेच्या अंगावर घातली.

मनकर्णेला भरून आले. थंडी होतीच, पायी चालत आलेल्या परक्या बाईला ऊब द्यावी, हे मडमेला सुचले याचे तिला नवल वाटले. तिने चादर गुंडाळून घेतली आणि दोन्ही हात जोडले. मडम गोंधळली आणि तिनेही मान किंचित लववली.

आतल्या खोलीत दार लावून घेतल्यावर मडमेने वरचा झगा काढला. खाली कापडात ओवलेल्या कांबींचा एक पिंजरा होता, छातीपासून ओटीपोटापर्यंत, मागून नाड्यांनी आवळलेला. मनकर्णेने असे काही कधी पाहिले नव्हते. बैलाच्या पाठीवरचे सामानसुद्धा लोक जरा सैल बांधतात, असे तिच्या मनात आले. पण बोलायचे नाही ही रीत होती. तिने दोरा काढला, गळा घेतला, खांदा घेतला, आणि कंबरेपाशी पिंजऱ्यावरूनच दोरा फिरवून जरा रागानेच एक गाठ आवळली. मग पिंजऱ्याच्या खालच्या काठाशी हात टेकवला, आणि तळहाताखाली काहीतरी हलले.

तिने हात उचलला नाही. पुन्हा हलले. सहावा महिना, कदाचित थोडे पुढे.

"माय वं," ती हळूच म्हणाली, "लेकरू हाये."

जमुनाने झटकन दाराकडे पाहिले. "ऐसा बोलू नको. यांच्यात बोलत नाहीत. साहेब सोडून कोणाला माहीत नाही."

मडमेला शब्द कळले नाहीत, हात कळला. ती लाल झाली, मग एकदम पांढरी पडली. मनकर्णेने नाड्यांकडे बोट दाखवले आणि सोड अशी खूण केली. मडमेने नकाराने मान हलवली. मनकर्णा तशीच उभी राहिली. तिच्या घरात हट्टी बायका बऱ्याच येत. वाट पाहायची तिला सवय होती. शेवटी मडमेने जमुनाला इशारा केला आणि नाड्या सैल झाल्या. मडमेने जो श्वास घेतला तो विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा होता.

मनकर्णेने पुन्हा दोरा फिरवला आणि दुसरी गाठ मारली. मग तो दोरा मडमेच्या डोळ्यांसमोर धरून पहिल्या आणि दुसऱ्या गाठीच्या मध्ये आपली बोटे ठेवली. एक, दोन, तीन, चार. आणि त्याच चार बोटांनी तिने पोटाकडे दाखवले. एवढी जागा तुम्ही लेकराची घेतली आहे.

मडम पलंगाच्या कडेवर बसली.

जाताना जमुना फाटकापर्यंत आली. तिथे तिने सांगितले ते मनकर्णा पुढे कधी विसरली नाही. मडमेची आधीची दोन मुले गेली होती. एक पोटातच, एक जन्मून तासाभरात. दोन्ही कामठीच्या मातीत होती. "तीसरा भी गेला तर ही जगत नाही," जमुना म्हणाली. "पण पोट दिसलं तरी जगत नाही. शरमच इतकी. मेजवानीत कमिशनरसाहेबाची बीबी येणार, साहेब म्हणतो तू पाहिजेच. म्हणून बांधते." मग तिने हात पुढे केला. "आता ती चादर दे."

मनकर्णेने घडी करून बगलेत घेतलेली चादर काढली. "मले वाटलं, मले देल्ली."

"अंग झाकायला दिली होती."

"कोनाचं?"

जमुनाला हसू आवरेना. "तुमचं, बाई! पाय उघडे, पाठ उघडी, पोट उघडं. मेमसाबला पाहवेना."

मनकर्णेने खाली पाहिले. तिच्याच पोटऱ्या होत्या, रोजच्या. आई, आजी, सासू, सगळ्यांच्या पोटऱ्या अशाच होत्या. अंबादेवीच्या देवळात ती याच वेशात जाई. ती घराकडे निघाली तेव्हा पदर पुढे ओढायचे तिच्या ध्यानात राहिले नाही, आणि वाटेत एका म्हाताऱ्याने खाकरून ते ध्यानात आणून दिले.

घरी आंघोळ करून मनकर्णा ओसरीवर आली. गोदाबाईने दोनदा विचारले, "काय म्हनते मडम?" दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आत्याबाई, आपले पाय वाईट दिसते का वं?"

"सत्तर वर्षं झाली माया पायायले. कोनी काई म्हनलं नाई. कावून?"

"काई नाई."

जानरावाने दोरा हाती घेतला. गाठींची भाषा त्यालाही येत होती. गळा, खांदा, दंड असे बोटाने चाचपत तो कंबरेपाशी आला आणि थांबला. एका कंबरेला दोन गाठी त्याने आजवर पाहिल्या नव्हत्या. त्याने बायकोकडे पाहिले. बायको सुईत दोरा ओवत होती.

"कोनती धरू?"

"मोठी. अन् तिच्याऊनबी सैल."

"मंग कंबर राहात नाई झग्याले."

"नाई राहिली तं नाई राहिली. दोऱ्यात हाये तसं शिवा."

जानराव समजला की नाही, हे त्याच्या बोलण्यावरून कळायला मार्ग नाही. तो फक्त "कपडा जास्त लागन" एवढेच म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्या कामाला त्याने पोत्यांच्या ढिगावरून उठवून स्वच्छ चटईवर जागा दिली. मनकर्णेने युक्ती काढली ती चोळीचीच. कपडा छातीखाली बसवायचा, तिथे पुढे गाठीची नाडी ठेवायची, आणि तिथून खाली चुण्या घालून तो मोकळा सोडायचा. पोट वाढेल तशी गाठ सैल होत जाईल. आळीतल्या गरवार बायकांच्या चोळ्या ती अशाच करी.

चूक झाली ती गळ्यात, आणि ती जानरावाची. नमुन्याच्या जुन्या झग्याला गळा नव्हताच म्हणायचा. खांद्यांपासून खाली छातीपर्यंत सगळे मोकळे. जानरावाने उलटसुलट करून पाहिले आणि शिंपी काढील तोच अर्थ काढला. जुना कपडा गळ्याशी आधी विरतो. विरलेला भाग कापून काठ दुमडला असणार. नव्याला तसे कशाला करायचे? शिवाय तागा मोठा होता. तसाच उघडा गळा शिवला, तर वाचलेले कापड डोळ्यावर येईल.

"लोक म्हनतीन, शिंप्यानं चोरलं," गोदाबाईने त्याच्या मनातले बोलून दाखवले. "आपल्या जातीले आधीच नाव हाये."

मनकर्णेलाही ते पटले. इतक्या लोकांत बसायचे, तर गळा पुरता हवाच. तिने स्वतः बारीक टीप घालून तो हनुवटीपर्यंत नेला. चांगले काम झाले होते. नाताळच्या दोन दिवस आधी नवराबायको झगा घेऊन कँपात गेली. जानराव पडवीत थांबला, मनकर्णा आत गेली. चादर पुन्हा तिच्या अंगावर आली. या वेळी तिने हात जोडले नाहीत.

मडमेने झगा उलगडला आणि तोंडाने एक बारीक आवाज केला. मग भराभर बोलत सुटली.

"मेमसाब विचारते," जमुना म्हणाली, "हा कोणत्या पाद्रिणीसाठी शिवला?"

"सगळा कपडा लावला," मनकर्णा म्हणाली. "एक चिंधी बी घरी नाई ठेवली. आमी चोर नाई."

"चोरायलाच पाहिजे होता, बाई! इथून इथपर्यंत" – जमुनाने दोन्ही खांद्यांच्या टोकांवर बोटे ठेवली – "सगळं उघडं लागतं. रात्रीच्या मेजवानीला हाच कायदा."

"पुरुषायच्या पंगतीत?"

"पंगतीतच तर!"

मनकर्णेने मडमेकडे पाहिले. जिला पोटातले लेकरू कोणाला दिसू द्यायची लाज होती, ती परक्या पुरुषांपुढे खांदे उघडे टाकून जेवायला बसणार होती. आणि तीच आपल्याला चादर पांघरवत होती. मनकर्णेला राग यायला हवा होता. आला तो अर्धाच, कारण तेवढ्यात जमुनाने मडमेचे पुढचे बोलणे सांगितले. सगळ्या मडमा खांदे उघडे ठेवून येतील. ही एकटी गळ्यापर्यंत झाकून गेली, तर का झाकले म्हणून प्रत्येकजण पाहील, आणि एकदा पाहू लागले की कंबरेपर्यंत पोचायला कितीसा वेळ!

हे मात्र मनकर्णेला कळले. तिच्या आळीत एखादी बाई एक दिवस डोक्यावर पदर न घेता बाहेर आली असती, तर असेच झाले असते.

मडमेने तिचे निरखणे पाहिले असावे. ती चिडली, आणि चादरीखालून दिसणाऱ्या मनकर्णेच्या पावलांकडे बोट करून काही विचारले.

"म्हणते, मला असं पाहतेस, तर तुला पाय उघडे टाकायला लाज नाही वाटत?"

मनकर्णेला घरी सुचले नव्हते ते उत्तर आता सुचले. "तिले सांग, घरी पाहुना आला तं आमी आधी त्याचे पाय धुतो. लेकी-सुना पायाले हात लावते. देवाचे बी आधी पायच पाहतो. ज्या पायावर लोकं डोकं टेकवते, थे झाकायचे कावून?"

जमुनाने ते कसे सांगितले कोण जाणे. मडमेने आपल्या घोळाखाली कायमच्या बुडालेल्या पायांकडे पाहिले, आणि प्रथमच तिच्या ओठांचा कोपरा हलला.

पण झगा तसाच पडला होता. मडमेने तो उचलला, छातीखालची नाडी दाखवून नकाराने मान हलवली, आणि खुंटीवरचा पिंजरा काढून मनकर्णेपुढे धरला. कंबर याच्यावर बसव. दोन दिवस आहेत.

मनकर्णेने तो घेतला नाही. तिने कनवटीचा दोरा काढला, मडमेचा तळहात उघडला आणि त्यावर तो दोन गाठींमधला तुकडा आडवा ठेवला. तळहातावर तो बरोबर चार बोटे भरला.

"गळा तुमचा हाये," ती म्हणाली, "तुमी म्हनसान तेवढा कापून देते. कंबर लेकराची हाये. तिले मी कात्री लावत नाई. दुसरा शिंपी पाहा."

जमुनाने सांगायच्या आधीच मडमेची मूठ दोऱ्यावर मिटली होती. ती खिडकीशी गेली. बाहेर पडवीत जानराव पागोटे सावरीत उभा होता. काम हातचे जाते की काय, या काळजीने त्याने आत कान लावला होता. मग मडम वळली, दोरा मनकर्णेच्या हातात परत दिला, आणि आपल्या हाताने पिंजरा पेटीत टाकून झाकण लावले.

मग मनकर्णा जमिनीवर बसली आणि तिने आपण घातलेली बारीक टीप आपल्याच हाताने उसवली. गळा कापताना तिचा हात दोनदा थांबला, तेव्हा मडमेने स्वतः बोट ठेवून दाखवले: इथपर्यंत. कापलेले रेशीम बाजूला पडले. अंगावर झगा चढवल्यावर खांदे उजळ दिसत होते, आणि खाली चुण्यांतून पोट थोडेसे, पाहणाऱ्याला दिसेल इतके. मडमेने आरशात पाहिले आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला.

मनकर्णेने अंगावरची चादर काढली. पोट, पाठ, पोटऱ्या सगळे मोकळे ठेवून ती मडमेपुढे उभी राहिली आणि तिने आपला पदर डाव्या खांद्यावरून पुढे घेऊन हाताच्या लवणीत असा धरला, की ओटीत चार वांगी असली तरी कोणाला कळू नये. दोन लेकरांच्या वेळी पाहुण्यांत ती असाच धरत असे. मग मडमेची काश्मिरी शाल घेऊन तिच्या अंगावर तीच ठेवण बसवली. मडमेला तिसऱ्या खेपेस ते जमले. कापलेले रेशीम जमुनाने मनकर्णेच्याच हातात कोंबले. "ने. आता तरी ने."

मेजवानीचे वृत्त चार दिवसांनी जमुनाकडून आले. कोणाला कळले नाही. उलट एका मडमेने विचारले म्हणे, की शाल अशी घ्यायची पॅरिसची नवी तऱ्हा आहे काय.

मडमेचा दोरा मात्र परत गेला नाही. रीतीप्रमाणे मनकर्णेने तो मागाहून पाठवला होता. पण बंगल्याच्या माळ्याला ती मळकी सुतळी वाटली, आणि त्याने तो फाटकावरूनच परत केला. गोदाबाईने तो ओसरीच्या खुंटीवर अडकवला. "परक्या बाईचं आंग आपल्या घरी टांगलं हाये," ती अधूनमधून कुरकुरे. पण टाकून दे, असे तिने कधी म्हटले नाही.

फाल्गुनात, होळीला चार दिवस असताना, भरदुपारी जमुना धापा टाकत अंबा दरवाजाच्या आत आली. साहेब सौद्यासाठी अकोल्याला गेलेला. काल संध्याकाळपासून मडमेला कळा येत होत्या आणि सुटका होत नव्हती. डॉक्टर होता, पण तो नुसता घड्याळ पाहत होता.

"डाक्तर म्हंजे बाई?" गोदाबाईने विचारले.

"नाही. साहेबच. मिशीवाला."

"पुरुष?" गोदाबाई उभीच राहिली. "बाळंतिनीच्या खोलीत पुरुष? अन् थे मडम माया सुनेले चादर पांघरवते!"

"आत्याबाई, आता नाई," मनकर्णा म्हणाली. तिने जमुनाला विचारले, "मी येऊ का?"

"डॉक्टर कोणाला येऊ देत नाही. मीच बाहेर बसले होते. राहवलं नाही म्हणून आले."

मनकर्णेने खुंटीवरचा दोरा काढला. आळीत कोणी बाळंतपणात अडली, की तिची सुटका व्हावी म्हणून घरातल्या गाठी सोडायच्या, पेट्यांची कुलपे काढायची, अंबाडे मोकळे करायचे, ही रीत जमुनालाही माहीत होती. पण त्या बंगल्यात हे कोण करणार? तिथल्या बाईची एकच गाठबंद वस्तू या घरात होती. गाठी सोडल्या, की माप जाणार. पुन्हा कधी काही शिवायचे झाले तर पहिल्यापासून सुरुवात. मनकर्णा ओसरीवर बसली आणि तिने गळ्याची गाठ सोडली. मग खांद्याची. एक एक करत ती कंबरेपाशी आली. मोठी गाठ सुटली. पहिली, पिंजऱ्यावरून घेतलेली, सुटेना. त्या दिवशी ती तिने रागाने ओढली होती. तिने नखाने पाहिले, दाताने पाहिले.

"आन इकडं," गोदाबाई म्हणाली.

तिने दोरा मांडीवर घेतला. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. तिने डोळे मिटले, अंगठ्याने गाठ चाचपली आणि पोती शिवायच्या दाभणाचे टोक हळूहळू तिच्या पोटात शिरवले. जमुना उकिडवी बसून पाहत होती. जानराव दारात पोते हातात घेऊन तसाच थांबला होता. गोदाबाई पुटपुटत होती, "सूट वं माय. गोरी असो का काळी, सूट." गाठ फुगली, सैल झाली, आणि दोरा सरळ झाला. मग म्हातारीने हात मागे नेऊन आपला पांढरा अंबाडा सोडला, जो तिने चार माणसांत कधी सोडला नव्हता, आणि मुलाच्या देखत केस पाठीवर मोकळे टाकून ती तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनाने निरोप आणला. मुलगी. दोघी सुखरूप. काल दिवस मावळता मावळता मुलगी पहिल्यांदा रडली, आणि अशी रडली की माळी काम टाकून पडवीखाली आला.

बाराव्या दिवशी मनकर्णा कँपात गेली. नाताळच्या झग्याच्या कापलेल्या रेशमाचे तिने बाळाच्या डोक्याला टोपरे शिवले होते. आतून जुने मऊ लुगडे लावले होते, आणि हनुवटीखाली बांधायला नाडी म्हणून तो हळदीचा दोरा दुपदरी करून बसवला होता. कापड ज्याचे त्याला पोचावे, एवढाच जानरावाचा आग्रह होता. बाकीचे तिचे.

या वेळी कोणी चादर आणली नाही. मडम उशांना टेकून बसली होती, केस मोकळे, अंगावर सैल पांढरा झगा, आणि छातीशी बाळ. मनकर्णा पलंगाशी गेली तेव्हा तिने घाईने काही झाकले नाही. जमुना पाणी आणायला आत गेली होती, त्यामुळे दोघींमध्ये भाषा नव्हती. मडमेने टोपरे हातात घेतले, रेशीम ओळखले आणि हसली. मग तिचे बोट त्या पिवळ्या नाडीवरून फिरू लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सावकाश गेले, पुन्हा उलटे आले, मध्ये एका जागी थांबले. तिथे जुन्या गाठीचा पीळ उरला होता, गाठ नव्हती. तिने मान वर करून मनकर्णेकडे पाहिले. मनकर्णेने चार बोटे वर केली, आणि मिटली.

त्याच वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. हार्डविक काम पाही ती पेढी पुढच्या वर्षी अमरावतीत नव्हती. जानराव पुन्हा बंड्या शिवू लागला.

ही हकीकत मनकर्णेच्या घरातल्या बायकांनी एकमेकींना सांगत पुढे आणली. तिला लेखी आधार मिळतो तो एकाच ठिकाणी. कामठीच्या पाद्र्याच्या वहीत एप्रिल १८६५ मध्ये हार्डविक दांपत्याच्या मुलीचा बाप्तिस्मा नोंदला आहे. नाव वाळवीने खाल्ले आहे. "ए" हे पहिले अक्षर उरले आहे. मुलगी पुढे किती जगली, ते माहीत नाही. कामठीच्या दफनांच्या यादीत ती नाही, पण ती यादी पुरी आहे की नाही, हेही माहीत नाही. टोपरे तिच्या डोक्यावर कधी चढले का, ते कुठे गेले, मनकर्णा कोणत्या साली वारली, यांपैकी कशाचीही नोंद नाही. आणि त्या दुपारी नाडीवर थांबलेल्या बोटाला, तिथे पूर्वी गाठ होती आणि ती का सोडली, हे कळले होते का, हे माहीत नाही.